कीटकाची मादी पुन्हा पुन्हा मिलन का करते?

चवळीचा डबा महिनाभर उघडला नाही की आत काय होते, हे बेळगाव भागातल्या कुठल्याही घरी सांगावे लागत नाही. दाण्यांवर बारीक पांढरे ठिपके, दाण्यांना गोल भोके, तळाशी पीठ, आणि झाकण काढताच पळापळ करणारे तपकिरी भुंगे. पांढरे ठिपके म्हणजे त्या भुंग्याची अंडी. चवळी, मूग, मसूर, तूर, हरभरा, कशालाही तो सोडत नाही.

हा भुंगा मोठा झाल्यावर डब्यात काही खात नाही, पाणी पीत नाही आणि दहा-पंधरा दिवसांत मरतो. तेवढ्या वेळात मादी ऐंशी-शंभर अंडी घालते. त्यातली बहुतेक फळायला पहिल्या मिलनातले शुक्राणू पुरतात. तरी ती दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदाही नराला जवळ येऊ देते. या नराच्या जननेंद्रियावर काटे असतात, आणि प्रत्येक मिलनात मादीला आतून जखमा होतात. नुकसान इतके उघड असताना ती हे का पत्करते?

याचे उत्तर प्रत्येक कीटकात वेगळे निघते, आणि शेतकऱ्याला व मधपाळाला त्याचा थेट उपयोग आहे.

आधी मादीच्या पोटातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बहुतेक कीटकांच्या मादीला शुक्राणू साठवायची लहानशी पिशवी असते. मिलनात मिळालेले शुक्राणू तिथे जिवंत राहतात: माशीत काही दिवस-आठवडे, मधमाशीच्या राणीत दोन-तीन वर्षे. अंडे बाहेर पडताना या पिशवीच्या तोंडाजवळून जाते आणि तेव्हा थोडे शुक्राणू त्यावर सोडले जातात. म्हणजे मिलन आज आणि फलन दहा दिवसांनी, असे होऊ शकते. याचे दोन परिणाम होतात. एक, मादीला प्रत्येक अंड्यासाठी नर लागत नाही. दोन, वेगवेगळ्या नरांचे शुक्राणू एकाच पिशवीत शेजारी शेजारी राहतात आणि कोणाचा वापरला जाईल याची चुरस तिथे, आत, चालते.

पहिल्या परिणामाकडेच पाहिले की वाटते, मादीला एक मिलन बास. १९४८ साली इंग्लंडमध्ये अँगस बेटमन यांनी फळांवरच्या छोट्या माशीवर, म्हणजे ड्रोसोफिलावर, प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की जोडीदार वाढले की नराची संतती वाढते, मादीची फारशी वाढत नाही. हे मत पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून शिकवले गेले. प्रयोगात दोन अडचणी होत्या. माश्या फक्त तीन-चार दिवस एकत्र ठेवल्या होत्या. तेवढ्यात मादीचा शुक्राणूंचा साठा संपतच नाही, त्यामुळे दुसऱ्या मिलनाची गरज उघड व्हायला वेळच मिळाला नाही. दुसरे असे की पिल्ले कोणाची हे ओळखायला आई-बाप म्हणून ठळक आनुवंशिक दोष असलेल्या माश्या वापरल्या होत्या, आणि दोन्हीकडून दोष आलेली पिल्ले मोजणीपर्यंत जगतच नव्हती. २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तो प्रयोग जशाच्या तसा पुन्हा केला तेव्हा हा घोळ बाहेर आला.

त्याच्या आधीच, २००० साली, योरान आर्नक्विस्ट आणि टिना निल्सन यांनी कीटकांवरचे १२२ प्रयोग एकत्र तपासले होते. एकाहून अधिक वेळा मिलन केलेल्या माद्यांची आयुष्यभरातली संतती ३० ते ७० टक्क्यांनी जास्त भरली. त्यात एक अटही दिसली. ज्या जातींत नर मिलनासोबत खाऊ देत नाही, तिथे फायदा एका मर्यादेपर्यंतच वाढतो. त्यापुढचे प्रत्येक मिलन मादीला महाग पडते.

खाऊ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. काही लांब शिंगांचे नाकतोडे आणि घरातले फिकट रातकिडे मिलनात शुक्राणूंच्या पुडीला चिकट, पौष्टिक गोळा जोडून देतात. मादी तो गोळा खात बसते आणि तोवर पुडीतले शुक्राणू आत उतरतात. गोळा लहान असेल तर ती लवकर संपवते आणि पुडीही ओढून काढून खाते. मग त्या नराचे थोडेच शुक्राणू पोहोचतात. काही नाकतोड्यांत हा ऐवज नराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त असतो. असे तीन नर भेटले तर मादीला तीन जेवणे मिळाली.

फुलपाखरांत तोच व्यवहार झाकलेला असतो. पावसाळा सरल्यावर कणकुंबी-जांबोटीकडच्या वाटांवर, मलप्रभेच्या काठच्या ओल्या मातीवर फुलपाखरांचे थवे बसलेले दिसतात. त्यात जवळजवळ सगळे नर असतात. ते चिखलातला क्षार, मुख्यतः सोडियम, शोषून घेतात. पानांत सोडियम फार कमी असते, त्यामुळे पाने खाऊन वाढलेल्या सुरवंटाच्या अंगात त्याचा तुटवडा राहतो. नराने जमवलेला क्षार मिलनाच्या पुडीतून मादीला आणि तिच्याकडून अंड्यांना मिळतो. मादीला चिखलावर बसून पक्ष्यांच्या चोचीत सापडण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

पण काही नर पुढच्या व्यवहाराचे दारच बंद करतात. कृष्णकमळाच्या वेलावर अंडी घालणारे, नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेले टॉनी कोस्टर फुलपाखरू आपल्याकडे सगळीकडे दिसते. त्याचा नर मिलनानंतर मादीच्या जननमार्गावर घट्ट होणारे बूच बसवतो. मादीचे पोट नीट पाहिले तर ते बाहेरूनही दिसते. मादीला पुन्हा मिलनाचा फायदा नसता तर नराला एवढे बूच तयार करण्याची वेळ आली नसती.

आता परत चवळीच्या डब्याकडे.

भुंग्याचा नर गोळा देत नाही. तो देतो द्रव, आणि तोही भरपूर: आधी मिलन न झालेला नर आपल्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त ऐवज एका वेळी देतो. शुक्राणू त्यात थोडे. उरलेले पाणी आणि इतर द्रव्ये. कोरड्या डब्यात ही मादीची एकमेव पाणपोई आहे. स्वीडनमध्ये मार्टिन एडवर्डसन यांनी २००७ साली हे साध्या पद्धतीने दाखवले: माद्यांना प्यायला पाणी ठेवले की त्या कमी वेळा मिलन करतात. तहानलेल्या माद्या नराला जास्त वेळा स्वीकारतात. काट्यांची जखम विरुद्ध पाण्याचा घोट, असा तो हिशेब आहे आणि हवा कोरडी असेल तेव्हा घोट जिंकतो.

हा प्रयोग शाळेतही जमतो, कारण साहित्य किराणा दुकानातले आहे. फेब्रुवारी ते मे हा काळ बरा. बेळगावच्या थंडीत अळीची वाढ फार लांबते; ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. भुंगा लागलेल्या चवळीतून ज्या दाण्यावर एकच अंडे आहे असे दाणे भिंगाखाली वेचावेत आणि प्रत्येक दाणा वेगळ्या छोट्या डबीत ठेवावा. ही पायरी सर्वांत महत्त्वाची. एका दाण्यातून दोन भुंगे निघाले तर ते आपण बघण्याआधीच मिलन करून मोकळे होतात आणि ‘कोरी’ मादी कोरी राहत नाही. भुंगा बाहेर पडण्याआधी दोन-तीन दिवस दाण्यावर गोल, अर्धपारदर्शक खिडकी दिसते. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ बघावे.

नर-मादी ओळखायला पोटाचे टोक पाहायचे. चवळीच्या नेहमीच्या भुंग्यात मादीचे टोक रुंद असून त्यावर दोन गडद पट्टे आणि मध्ये फिकट रेघ असते. नराचे साधे, एकरंगी असते. मुगा-मसुरात अनेकदा दुसरी जात असते. तिच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. दोन जाती एकत्र झाल्या तर आकडे निरर्थक होतात, म्हणून सगळे भुंगे एकाच डब्यातले, एकाच जातीचे घ्यावेत.

बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत प्रत्येक मादीची एका नराशी गाठ घालावी. मिलन काही मिनिटे चालते. शेवटी मादी मागच्या पायांनी नराला जोरात लाथा मारू लागते. २००० साली झालेल्या एका प्रयोगात माद्यांना लाथा मारता येऊ नयेत अशी व्यवस्था केली, तेव्हा मिलन लांबले आणि जखमा वाढल्या. म्हणजे लाथा हा तिचा बचाव आहे. सुटल्यावर लगेच वेगळे करावे. मग माद्यांचे गट: काहींना पुन्हा नर द्यायचा नाही, काहींना तिसऱ्या दिवशी अर्धा तास नर द्यायचा. प्रत्येक गटातल्या निम्म्या माद्यांच्या डबीत ओला कापूस ठेवायचा, निम्म्यांच्या नाही. कापूस पिळून घ्यावा आणि रोज बदलावा. पाणी दाण्यांवर ठिबकले की बुरशी येते. प्रत्येक मादीला ५० स्वच्छ दाणे द्यावेत. ते आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मग खोलीच्या तापमानाला आणलेले असावेत, म्हणजे आत लपलेली अळी मोजणीत येणार नाही. तेल किंवा औषध लावलेले दाणे चालत नाहीत. किलोला ५ ते १० मिली खाद्यतेल चोळून कडधान्य ठेवायची जी रीत आहे, ती अंडी मारते म्हणूनच कामाची आहे. इथे तीच आड येईल.

मोजणी सोपी आहे. फळलेल्या अंड्यातली अळी सरळ दाण्यात शिरते आणि मागचे रिकामे कवच भुशाने भरते, म्हणून ते दुधासारखे पांढरे दिसते. न फळलेले अंडे काचेसारखे राहते. शेवटचे अंडे घातल्यावर दहा दिवसांनी पांढरी किती आणि काचेरी किती, ते वेगळे मोजावे; मादी कुठल्या दिवशी मेली तेही लिहावे. गटात निदान १५ माद्या हव्यात. पाचच घेतल्या आणि त्यातली एक दुसऱ्या दिवशी मेली तर सगळे चित्र फिरते. मोठ्या माद्या मुळातच जास्त अंडी घालतात, त्यामुळे ठळक ठळक माद्या एका गटात जाणार नाहीत अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी करावी.

एक चूक मात्र जाणकारांकडूनही होते. ‘तोच नर दोनदा’ आणि ‘दोन वेगळे नर’ यांची तुलना करताना पहिल्या गटातला नर दुसऱ्या वेळी थकलेला असतो, त्याचा ऐवज कमी भरतो. दुसऱ्या गटात मात्र आपण ताजा नर आणतो. फरक दिसला तर तो नर बदलल्याचा की ताजेपणाचा, हे कळत नाही. उपाय असा की दुसऱ्या गटातही एकदा मिलन झालेलेच नर द्यावेत, फक्त माद्यांची अदलाबदल करून. प्रयोग संपल्यावर सगळे दाणे फ्रीजरमध्ये टाकावेत, नाहीतर शाळेच्या पोषण आहाराच्या कडधान्यात भुंगा शिरलाच म्हणून समजा.

अदलाबदलीची ही युक्ती टॉम ट्रेगेन्झा आणि नीना वेडेल यांनी १९९८ साली दोन ठिपक्यांच्या काळ्या रातकिड्यावर वापरली होती. हा रातकिडा भारतातही आहे. मिलनांची संख्या सारखी ठेवून त्यांनी काही माद्यांना एकच नर पुन्हा पुन्हा दिला, काहींना वेगवेगळे नर दिले. वेगवेगळे नर मिळालेल्या माद्यांची अंडी जास्त प्रमाणात फुटली. खाणेपिणे, शुक्राणूंचा साठा, सारे समान होते. मग हा फायदा नर वेगळे असण्याचाच. २००२ साली त्यांनी याचे एक कारणही शोधले. मादीला दोन्ही नर तिचेच सख्खे भाऊ दिले की अंडी कमी फुटतात. एक भाऊ आणि एक परका दिला की दोन्ही परके दिल्याइतकीच फुटतात. म्हणजे पोटातल्या पिशवीत भावाच्या शुक्राणूंना डावलण्याची काही ना काही सोय आहे. अंधारात, वासावर आणि आवाजावर जोडीदार निवडणाऱ्या मादीला हा कोण लागतो हे दरवेळी बाहेरून कळतेच असे नाही. दुसरा नर म्हणजे तिचा विमा.

पिठातल्या तांबड्या किड्यात हाच धागा आणखी पुढे गेलेला दिसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कामात या किड्यांच्या काही वसाहती मुद्दाम पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात वाढवल्या. त्या वसाहतींतल्या माद्या जास्त वेळा मिलन करू लागल्या. एक पोते किंवा एक डबा म्हणजे या किड्याचे अख्खे गाव; दोन-चार किड्यांपासून सुरू झालेल्या गावात सगळेच नातेवाईक असतात. उन्हाचाही संबंध आहे: ४२ अंशांत पाच दिवस ठेवलेल्या या किड्याच्या नरांची संतती निम्म्यावर आली. पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मेमध्ये असे दिवस येतात. ज्या मादीचा पहिला नर उन्हाने निकामी झालेला असेल, तिला दुसऱ्या नराशिवाय काही खरे नाही.

मधमाशीइतके हे कोणात टोकाला गेलेले नाही, आणि खानापूर तालुक्यात पेट्या ठेवणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

राणी जन्मल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत एका किंवा काही उड्डाणांत मिलन करते आणि नंतर आयुष्यभर नाही. युरोपीय जातीची राणी त्या उड्डाणांत साधारण १० ते २० नरांशी मिलन करते. आपली पेटीत पाळली जाणारी देशी माशी, सातेरी, हीही अनेक नर घेते. कड्यावर आणि उंच झाडांवर पोळे बांधणारी आग्या त्या दोघींच्याही पुढे जाते. प्रत्येक नर मिलनातच मरतो. राणी अखेर पन्नास-साठ लाखांच्या आसपास शुक्राणू साठवते. तेवढे देण्याची ताकद एकदोन नरांतही असते, म्हणजे संख्येसाठी वीस नर लागत नाहीत.

लागतात ते दुसऱ्याच कारणाने. मधमाशीत नर की मादी हे एका जनुकावर ठरते आणि त्या जनुकाचे अनेक प्रकार असतात. अंड्यात दोन वेगळे प्रकार आले की मादी. अफलित अंड्यात एकच प्रकार, म्हणून नर. पण फलित अंड्यात दोन्ही सारखेच आले तर निरुपयोगी नर तयार होतो, आणि कामकरी माश्या त्याला अळी असतानाच खाऊन टाकतात. राणीने एकच नर घेतला आणि त्याचा प्रकार तिच्या दोनांपैकी एकाशी जुळला, तर निम्मा पिलावा, म्हणजे पोळ्यातली वाढती पिल्ले, गेला. तोच नर पंधरांपैकी एक असेल आणि सर्वांचा वाटा सारखा धरला, तर नुकसान तिसाव्या हिश्श्याचे, म्हणजे ३ टक्क्यांच्या आसपास. पहिली वसाहत बुडते, दुसरीला ते जाणवतही नाही.

उरलेला फायदा वसाहतीच्या कामकाजात असतो. वेगवेगळ्या बापांच्या मुली वेगवेगळ्या तापमानाला पंखा घालू लागतात. सगळ्या एका बापाच्या असतील तर सगळ्या एकदम सुरू आणि एकदम बंद. पिलाव्याचे ३४-३५ अंश स्थिर राहत नाहीत. हेदर मटिला आणि थॉमस सीली यांनी २००७ साली काही राण्यांना एका नराचे आणि काहींना १५ नरांचे वीर्य कृत्रिमरीत्या दिले. मिश्र वसाहतींनी पोळे वेगाने बांधले आणि साठा जास्त केला. एका बापाच्या वसाहतींपैकी तिथल्या हिवाळ्यातून एकही वाचली नाही. पिलावा सडवणाऱ्या रोगाचा जोरही बहुपितृक वसाहतींत कमी आढळला आहे.

पेटीत याचा अर्थ असा. बंद पिलाव्याची चौकट उजेडात धरावी. घरे सलग भरलेली हवीत. मध्येमध्ये रिकामी घरे विखुरलेली दिसली तर रोग, उपाशीपणा आणि पतंगाची अळी तपासावी. हे काही नसेल तर राणीला नात्यातले किंवा फार थोडे नर मिळाले असण्याचा संशय घ्यावा. सगळ्या पेट्या एकाच मूळ वसाहतीच्या फाळण्या, म्हणजे तिचेच भाग करून बनवलेल्या, असतील आणि जवळपास जंगली सातेरी नसतील तर हे होतेच. दुसऱ्या ठिकाणच्या एकदोन वसाहती आणाव्यात आणि नरांचा पिलावा कापून टाकायची सवय सोडावी. फाळणी जून ते ऑगस्टमध्ये करू नये. जांबोटी-कणकुंबीकडे सलग झड लागते, राणीला उडता येत नाही, आणि तीन-चार आठवडे उलटले की तिची मिलनाची वेळ टळते. मग ती फक्त नरांचीच अंडी घालते आणि पेटी संपते.

सगळ्याच माद्या फायद्यासाठी पुन्हा मिलन करतात असे मात्र नाही. ढेकणाचा नर मादीचे पोट बाहेरून भोसकून वीर्य आत सोडतो; वारंवार मिलन झालेल्या माद्यांचे आयुष्य सुमारे पाव हिश्श्याने घटते. पाण्यावर लांब पायांनी सरकणाऱ्या किड्यांत नराशी झटापट करण्यात जाणारा वेळ आणि धोका मिलनापेक्षा महाग असेल तर मादी विरोध सोडून देते. तिथे मिळते ती फक्त सुटका. काही टाचण्यांत, म्हणजे चतुरासारख्या पण बारीक अंगाच्या किड्यांत, झऱ्यावरची अंडी घालायची चांगली जागा नराच्या ताब्यात असते. जागा हवी तर मिलन आलेच. अमेरिकेतल्या अशाच एका टाचणीचा नर आधीच्या नराचे शुक्राणू खरवडून काढतो आणि मग आपले सोडतो, हे जोनाथन वाग यांनी १९७९ साली दाखवले.

आता शिवारातले सापळे. हरभऱ्यावरची घाटे अळी, सोयाबीन आणि निपाणीकडच्या तंबाखूवरची पाने खाणारी अळी, यांचे पतंग कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने ओढणाऱ्या सापळ्यात, पडतात ते सगळे नर. सापळा भरलेला पाहून शेतकरी निर्धास्त होतो, ती चूक आहे. समजा शिवारात १०० नर आणि १०० माद्या आहेत आणि सापळ्यांनी ८० नर उचलले. उरलेले २० नर रोज रात्री एकेक मादी गाठू शकले तरी पाच रात्रींत सगळ्या माद्यांचे एकेक मिलन होते. सापळे जे हिरावतात ते मुख्यतः माद्यांचे दुसरे-तिसरे मिलन आणि काही रात्रींचा वेळ. अंडी त्याने काहीशी घटतात, थांबत नाहीत. शिवाय शेजारच्या रानातून मादी आधीच मिलन होऊन येते. म्हणून हेक्टरी ५ सापळे हे टेहळणीसाठी समजावेत. घाटे अळीचे ८ ते १० पतंग प्रति सापळा सलग तीन रात्री पडले की पुढच्या आठवड्यात अळी येणार असे धरून झाडे तपासायला लागावे.

माद्या प्रकाश सापळ्यात सापडतात, आणि त्यांच्या पोटात पुरावा असतो. मेलेली मादी बशीत घ्यावी, वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ घालून ते पाणी बशीत ओतावे, आणि सुईच्या टोकाने पोट बाजूने उघडावे. अंड्यांच्या माळांजवळ एक फुगीर पिशवी दिसेल. ती फाडली की आत लांब देठाची, लसणीच्या पाकळीसारखी पुडी निघते. एका मिलनाची एक पुडी. जुनी झाली की गोळा सुरकुततो, देठ मात्र राहतो. देठ मोजावेत. शून्य देठाच्या माद्या जास्त निघाल्या तर सापळे लावायची वेळ अजून गेलेली नाही. दोन-तीन देठ निघत असतील तर शिवारात अंडी पडून गेलेली आहेत आणि सापळ्यावरचा खर्च आता पानांची खालची बाजू तपासण्यात घालावा.